वळण

माझ्याकडच्या एका फायकसच्या, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाच्या, खोडावर स्क्रूच्या आट्यांसारखी खूण आहे. मातीच्या वर दोन बोटांवर ती सुरू होते, खोडाला तीन वेढे घालते आणि पहिल्या फांदीपाशी एकदम थांबते. कोणी नवीन माणूस झाडं बघायला आला की त्याचं बोट हमखास तिथे जातं. "हे मुद्दाम केलंय का?" असं एकाने कौतुकाने विचारलं, तेव्हा मी क्षणभर 'हो' म्हणायच्या बेतात होते. मुद्दाम कसलं! तार काढायची राहिली, इतकंच.

बोन्साय शिकायला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. रोप पेन्सिलीएवढं जाड. मी त्याला तार गुंडाळून छानसं नागमोडी वळण दिलं, फोटो काढला, चार जणांना दाखवला आणि कुंडी कोपऱ्यात ठेवून दिली. मग काही कामं निघाली, एक आजारपण निघालं, आणि अडीच महिने पाणी घालण्यापलीकडे मी त्या रोपाकडे पाहिलंच नाही. ते दिवस नेमके वाढीचे. पाहिलं तेव्हा साल तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आली होती, आणि एका जागी तर तिने तार गिळूनच टाकली होती. घाबरून मी तार उलट्या दिशेने उलगडायला लागले. तारेबरोबर सालही निघाली आणि खोडावरून पांढरा चीक ओघळला.

ज्यांच्याकडे मी शिकत होते त्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो. जन्मभर गणित शिकवलेल्या. त्यामुळे कौतुक मोजून आणि चूक मात्र पायरीपायरीने उकलून. रोप बघून त्या म्हणाल्या, "तार उलगडायची नसते गं, तुकडे करून कापायची असते. तार वाचवलीस आणि झाड सोललंस." मग जरा थांबून, "पण वळण बघ कसं धरलंय!"

वळण खरोखरच पक्कं बसलं होतं. तेव्हा मला ती नुसती समजूत वाटली. त्या वाक्यात खरं काय होतं ते कळायला बरेच दिवस लागले.

तार लावण्याचं तंत्र तसं तासाभरात सांगून होतं. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाड हवी. तिचं एक टोक आधी कुठेतरी घट्ट रोवलेलं हवं. खोडाला लावायची असेल तर खोडामागे मातीत खोल खुपसून. वेढे 45 अंशांच्या आसपास तिरके, एकमेकांवर न चढणारे, सालीला टेकलेले पण आवळलेले नाहीत. फांदी उजवीकडे पिळून वळवायची असेल तर वेढेही त्याच अंगाने गेलेले हवेत, नाहीतर वाकवताना तार सैल सुटते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तारेचा वेढा आला पाहिजे, कारण फांदी फाटते ती तिथून. ॲल्युमिनियमची तार मऊ, नवशिक्यांचे अपराध पोटात घालणारी. तांब्याची तार तापवून मऊ केलेली असते, पण एकदा वाकवली की कडक होत जाते, तेव्हा दुसऱ्यांदा मन बदलायची सोय फारशी नाही. पाइन, जुनिपरसारख्या ताठ सूचिपर्णी मंडळींना तीच बरी.

हे सगळं मला येत होतं. तार काढल्यावर फांदी तशीच का राहते, हा प्रश्न मात्र मला कधी पडलाच नव्हता. लोखंडी सळी वाकवली की वाकलेली राहते, तसंच काहीतरी असावं, असं मी धरून चालले होते.

फांदी सळीसारखी नसते. वाकवली त्या दिवशी तिच्यात जे लाकूड असतं ते बिचारं शेवटपर्यंत पूर्वीच्या जागी जायला बघत असतं. सालीच्या आत कँबियम नावाचा पेशींचा अगदी पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला नवं लाकूड घालत राहतो आणि बाहेरच्या बाजूला साल. वाकवल्यानंतर जे नवं लाकूड पडतं ते वाकलेल्या स्थितीतच जन्माला येतं. त्याला सरळपणा ठाऊकच नसतो. असं पुरेसं लाकूड साठलं की ते जुन्या लाकडाला धरून ठेवतं. झाड इतक्या सहज ऐकतं असंही नाही. रुंद पानांची झाडं वाकलेल्या फांदीच्या वरच्या अंगाला खास प्रकारचं लाकूड तयार करतात, ते फांदीला वर ओढतं. पाइनच्या जातकुळीतली झाडं खालच्या अंगाला तयार करतात आणि ते फांदीला वर ढकलतं. म्हणजे एकाच वेळी झाड वळण पक्कंही करत असतं आणि मोडूनही काढत असतं.

यातून जे निघतं ते मला अजून गमतीचं वाटतं. झाड वाढत नसताना तार चार महिने ठेवली तरी वळण काही धरत नाही. काढली की फांदी सावकाश आपल्या जागी जाते. वाढत असताना ठेवली तर वळण धरतं, पण ज्या वाढीने ते धरतं त्याच वाढीने तार सालीत रुतते. फायकसवर जोमाच्या दिवसांत ती महिन्या-दीड महिन्यात रुतायला लागते. जुनिपरला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागतं, आणि मध्येच काढून पुन्हा लावावी लागते. तार सालीला नुकती दाबायला लागली आहे, अजून रुतलेली नाही, असे काही दिवस मध्ये येतात. काढायची ती तेव्हा. त्यासाठी रोज बघण्याखेरीज इलाज नाही. माझ्या फायकसचं वळण इतकं पक्कं का बसलं, त्याचं उत्तर त्याच्या अंगावरच्या व्रणातच होतं. बाई तेच सांगत होत्या.

मराठीत यासाठी शब्दही एकच. रस्त्याचं वळण, अक्षराचं वळण, आणि मुलांना लावतात तेही वळणच. 'वळण लहानपणीच लावलं पाहिजे' हे मी जन्मापासून इतक्यांदा ऐकलंय, की बोन्सायच्या वर्गात ते पुन्हा कानावर पडलं तेव्हा मला हसू आवरेना. खोडापुरतं ते अगदी खरं आहे. पेन्सिलीएवढं खोड हवं तसं वळतं, करंगळीएवढं कुरकुरत वळतं, अंगठ्याच्या पलीकडे गेलं की सगळी हत्यारं काढावी लागतात. म्हणून खोडातली, त्यातही बुंध्याजवळची वळणं पहिल्या एक-दोन वर्षांतच द्यायची. तीही जरा जास्तच द्यायची, कारण खोड जाड होत गेलं की वळणाची आतली बाजू भरून येते आणि डौलदार वाटणारी वळणं सपाट होऊन जातात. सुरुवातीला हास्यास्पद दिसणारं वळण दहा वर्षांनी बेताचं दिसतं. हे ऐकून मला धीर आला होता; माझी सगळीच कामं त्या वेळी हास्यास्पद दिसत होती.

पण खोडाला वळण दिल्यानंतर काय करायचं, तर काही नाही. हे मात्र मला कोणी लहानपणी सांगितलं नव्हतं.

बोन्सायच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाची पहिली चूक एकच असते: रोप आणायच्या आधी तो सुंदर उथळ ट्रे आणतो. मीही आणला होता. वीतभर रोप त्यात लावलं, शेंडे खुडत राहिले, दर आठवड्याला कात्री चालवली. चार वर्षांनी ते रोप वीतभरच होतं आणि खोड आगकाडीचं लांबचं नातेवाईक वाटत होतं. झाड लहान राहिलं, पण ते झाडासारखं दिसेना. कुंडीत खोचलेली काडीच ती.

साधा हिशोब आहे. खोड जाड होतं ते पानांनी केलेल्या अन्नावर. पानं जितकी जास्त, फांद्या जितक्या लांब, तितकं अन्न खोडातून खाली मुळांकडे जातं आणि जाता जाता वाटेत लाकूड वाढवतं. दर आठवड्याला शेंडा खुडणं म्हणजे कमावत्या माणसाला रोज सुट्टी घ्यायला लावून घर कसं चालत नाही याचं आश्चर्य करणं. बोन्सायमध्ये एक ढोबळ प्रमाण मानतात: उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट. 30 सेंटिमीटर उंचीचं झाड हवं असेल तर बुंधा 5 सेंटिमीटर जाड हवा. उथळ ट्रेमध्ये, कात्रीच्या धाकात, 5 सेंटिमीटर येता येता आयुष्य जाईल. त्याच रोपाला जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळं सोडलं तर काही वर्षांत येतं.

बाईंच्या बागेत पाच-सहा झाडं अशी मोकाट सुटलेली होती. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, विस्कटलेली, बोन्सायशी काडीचा संबंध नसल्यासारखी. मी विचारलं, "बाई, ही कसली?" तर म्हणाल्या, "ही सगळी बोन्सायच." मला वाटलं चेष्टा करतात.

त्यातल्या एका झाडाला बुंध्याजवळून एक फांदी फुटली होती. ती दीड मीटर लांब, कशीही, कुठेही गेलेली, कोणत्याही सौंदर्यदृष्टीत न बसणारी. ती कापायला मी कात्री उचलली तर बाईंनी हात धरला. ती फांदी मुद्दाम ठेवलेली होती. ती जितकी लांब जाईल तितका तिच्या खालचा बुंधा जाड होईल, आणि तिच्या वरचं खोड मात्र बारीकच राहील. खाली जाड, वर निमुळतं, ही म्हाताऱ्या झाडाची खरी खूण, आणि ती अशा फांदीकडून करवून घेतात. काम झालं की ती फांदी मुळापासून उडवायची. पुढे झाडात तिचा मागमूसही राहत नाही. तिला म्हणतातच बळीची फांदी.

आता मराठीत बोन्सायला वामनवृक्ष म्हणतात. वामन म्हटलं की बळी आलाच. हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे असेल असं नाही, पण तो वामन बुटका राहण्यासाठी नाही, वाढण्यासाठी प्रसिद्ध आहे, हे मला बाईंच्या बागेत त्या अस्ताव्यस्त झाडांकडे बघताना आठवलं.

यानंतर येतो कापण्याचा दिवस. दोन माणसं उंच झाड. तीन-चार वर्षं वाढवलेलं. त्याला करवत लावायची आणि वीतभर ठेवून बाकी सगळं टाकून द्यायचं. पहिल्या वेळी मी तीन रविवार टाळाटाळ केली. चौथ्या रविवारी बाई नुसत्या समोर येऊन बसल्या, काही बोलल्या नाहीत. मी कापलं. उरला तो एक ठोकळा, बाजूने चीक गळतोय. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

पंधरा-वीस दिवसांत त्या ठोकळ्याला डोळे फुटले. एक नाही, नऊ.

शेंडा असेपर्यंत खालचे डोळे झोपलेले असतात हे माळीकाम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. असं का होतं, याचा शोध मात्र अजून पुरता संपलेला नाही. 1933 साली थिमान आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या जातीतल्या बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं. डोळे झोपलेलेच राहिले. शेंड्यातून खाली वाहणारं ऑक्झिन डोळ्यांना दाबून ठेवतं, असं त्यावरून ठरलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत छापलं गेलं. मग 2014 साली वाटाण्याच्या रोपांवर काम करणाऱ्या संशोधकांना दिसलं, की शेंडा कापल्यावर ऑक्झिन कमी झाल्याची बातमी खालच्या डोळ्यांपर्यंत पोहोचायच्या आतच ते जागे होतात. आधी पोहोचते ती साखर. शेंडा सगळी साखर स्वतःकडे ओढत असतो; तो गेला की ती खाली उरते आणि उपाशी डोळे उघडतात. ऑक्झिनचं काम त्यानंतरचं. म्हणजे खालच्यांना दाबून ठेवणारा हुकूमही आहे आणि उपासमारही. पहिली चाल उपासमारीची.

नऊ डोळ्यांपैकी ठेवायचा एक, फार तर दोन. एकाच जागी पुष्कळ फांद्या ठेवल्या तर तिथे गाठ फुगते आणि खोड खालपेक्षा वर जाड दिसायला लागतं; ते एकदा झालं की दुरुस्त करणं महाकठीण. ठेवलेला डोळा नवा शेंडा होतो. तो जुन्या खोडापेक्षा बारीक असतो आणि वेगळ्या दिशेने जातो. म्हणजे एका कापात निमुळतेपणाही मिळाला आणि वळणही मिळालं, तारेशिवाय. मग त्यालाही मोकळं सोडायचं, जाड होऊ द्यायचं, पुन्हा कापायचं. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेतली झाडं अशीच घडवतात, कापायचं आणि वाढवायचं. त्यांच्या फांद्यांना जो काटकोनी, कणखर मोड येतो तो तारेने कधीच येत नाही. मला आता तारेपेक्षा हीच पद्धत जास्त आवडते. वेळ दुप्पट लागतो, पण रोज बघायला लागत नाही, हे माझ्यासारखीने प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे.

मात्र हे रुंद पानांच्या झाडांचं. या यशाच्या कैफात मी एका जुनिपरच्या फांदीवरची सगळी हिरवळ काढून टाकली, फुटेलच की म्हणून. ती कधी फुटली नाही. हिरवं अजिबात न ठेवलेली जुनिपरची फांदी मरते, पाइनचीही बहुधा तीच गत. बाईंनी फक्त चष्म्यावरून पाहिलं. मी त्या वाळक्या फांदीची साल सोलून तिला मुद्दाम ठेवलेल्या मृत काष्ठाचं रूप दिलं. बोन्सायमध्ये तीही एक मान्यताप्राप्त गोष्ट आहे, आणि तिच्या पोटात जगभरच्या किती चुका लपल्या असतील देव जाणे.

मुळांबद्दल थोडक्यात. रोप लहान असतानाच सोटमूळ कापायचं आणि रोपाच्या खाली एक सपाट फरशीचा तुकडा ठेवून वर माती घालायची. मुळांना सरळ खाली जायला वाव नाही म्हटल्यावर ती चारी दिशांना पसरतात. दहा वर्षांनी माती थोडी खाली केली की बुंधा जमिनीला पकडून बसलेला दिसतो. हे पहिल्या दोन वर्षांत केलं नाही तर पुढे कितीही कौशल्य ओतलं तरी झाड खिळ्यासारखं मातीत ठोकलेलं दिसतं.

झाडाचा छळ करता तुम्ही, असं म्हणणारे भेटतातच. पूर्वी मी वाद घालायची. आता मी त्यांना एवढंच सांगते की हे झाड उद्या जमिनीत लावलं तर त्याच्या जातीएवढं मोठं होईल. त्याच्या बीजात काही बुटकं नाही. पानं थोडी लहान होतात, फळं मात्र लहान होत नाहीत. बोन्साय सफरचंदाला लागलेलं सफरचंद अंगापेक्षा बोंगा मोठा असं लटकत असतं. ते बघून माणसं हसतात आणि छळाचा विषय तेवढ्यापुरता मागे पडतो. तारेने सोलल्या गेलेल्या फायकसबद्दल मात्र त्यांनी म्हटलं असतं, तर मी गप्प बसले असते.

चीनमध्ये 706 साली बांधलेल्या, झांगहुआय या राजपुत्राच्या थडग्यातल्या भिंतीवर एका सेवकाचं चित्र आहे. त्याच्या हातात तबक, तबकात इवली झाडं आणि दगड. म्हणजे हा नाद किमान तेरा शतकं जुना. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानातलं जपानी पांढरं पाइन. त्याला आकार द्यायला 1625 पासून सुरुवात झाली असं मानतात. यामाकी कुटुंबाने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आणि 1976 साली अमेरिकेला भेट दिलं. ते हिरोशिमातल्या बाँबस्फोटातून वाचलेलं आहे, हे तिथल्या लोकांना कळलं 2001 साली, यामाकींचे नातू बघायला आले तेव्हा. त्या झाडाला पहिली तार किंवा पहिली दोरी ज्याने बांधली, त्याने ते आजच्यासारखं कधीच पाहिलं नाही. तरी त्याने बुंध्याजवळच्या वळणाचा विचार केला असणार.

तिथेच जॉन नाका या अमेरिकी बोन्साय-गुरूंचं 'गोशिन' आहे. 11 जुनिपरची छोटी राई, प्रत्येक नातवंडामागे एक झाड. 1948 साली त्यांनी त्यातल्या पहिल्या झाडांवर काम सुरू केलं. एकेका नातवंडाच्या नावाने झाड लावून मग त्यावर कात्री चालवताना आजोबांच्या मनात काय येत असेल, असा एक चहाटळ विचार दर वेळी फोटो बघताना माझ्या मनात येतो.

बाई आता नाहीत. त्यांची मोकाट झाडं त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये वाटली गेली. माझ्या वाट्याला ते दीड मीटरच्या फांदीचं झाड आलं. फांदी अजून आहे. बुंधा मी महिन्यातून एकदा कॅलिपरने मोजते आणि फांदी अजून एक वर्ष ठेवते.

परवा तीन नवी रोपं हाती घेतली. बियांपासून आलेली, दुसऱ्या वर्षातली. पहिलं निमूट वळलं. दुसऱ्याने 'मोडेन पण वाकणार नाही'चा बाणा दाखवला आणि वाकता वाकता बाहेरच्या अंगाने अर्धं फाटलं. ओली चीर होती. जागेवर बसवून ओल्या राफियाने, म्हणजे ताडाच्या जातीतल्या एका झाडाच्या धाग्याने, घट्ट बांधली. अशा चिरा बऱ्याचदा भरून येतात. दोन्ही कुंड्यांत एकेक पट्टी खोचून त्यावर तार लावल्याची तारीख लिहिली, आणि तिच्याखाली, ठळक, तार बघायला सुरुवात करायची तारीख.

तिसऱ्या रोपासाठी तार कापून घेतली होती. मग लक्षात आलं की ते आधीच एका बाजूला वळलंय. भिंतीच्या आडोशाला होतं, उजेडाकडे झुकत गेलं असणार, आणि मातीपासून चार बोटांवर त्याने घेतलेला तो झोल मला तारेने जमला नसता. मी तार परत गुंडाळून ठेवली, कुंडी अर्धी फिरवली आणि आत आले.